सातव्या झेंड्याचा राखणदार

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी आशेवर राहायला नको. चार दिवस गोल्फच्या रिसॉर्टवर राहूनही मला गोल्फ आला नाही. काठी फिरवली ती जमिनीत घुसली, गवताचा बशीएवढा तुकडा उडाला आणि चेंडू होता तिथंच राहिला. तेव्हा खेळाविषयी वाचायचं असेल तर दुसरं काहीतरी वाचा. मी सांगणार आहे ते गवताचं, धुक्याचं आणि माझ्या आईचं.

आम्ही दोघी काही अशा ठिकाणी जाणाऱ्यातल्या नव्हे. डिलाईल रोडच्या चाळीत आमची दहा बाय बाराची खोली. बाबा गिरणीत होते, मी दादरजवळच्या एका कॉलेजात लायब्ररीत आहे. आईला सणाला साडी घ्यायला गेले तेव्हा दुकानदारानं कुपन भरायला लावलं, मी वैतागून भरलं, आणि पंधरा दिवसांनी फोन आला की पहिलं बक्षीस लागलंय. तीन रात्री, चार दिवस, दोन माणसं. मला वाटलं, कुणीतरी फसवतंय. त्या फोनवरच्या पोरीला मी चांगलं झापलं. तिनं तीनदा फोन केला तेव्हा कुठं पटलं.

दोन माणसं म्हणजे मी आणि आई, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. आईचं वय चौऱ्याहत्तर. ती मालवणीत बोलते, मी तिला पुस्तकी मराठीत उत्तर देते, आमच्या खोलीत वर्षानुवर्षं हे असंच चालतं.

पण आणखी एका माणसाचं सांगायलाच हवं, कारण तो तिथं नव्हता तरी चारही दिवस माझ्या डोक्यात होता. विद्याधर. आमच्याच कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये आहेत, गिरगावात एकटे राहतात, बायको जाऊन नऊ वर्षं झाली. गेली पाच वर्षं दर शनिवारी आम्ही भेटतो. चर्नी रोडला उतरतो, चौपाटीपर्यंत चालतो, कॉफी पितो, आपापल्या घरी जातो. दिवाळीनंतरच्या शनिवारी ते म्हणाले, "नंदा, माझी पन्नाशी उलटून गेली. लग्नाचं मी तुला तीनदा विचारलं. आता फिरून आलीस की काय ते एकदाच सांग. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही. पण पुन्हा विचारणार नाही."

माझी अडचण त्यांना माहीत होती. आईला सोडून कशी जाऊ? ते म्हणायचे, आईंना घेऊन ये. घेऊन ये म्हणे! आमच्या मजल्यावरच्या एक काकू वडाळ्याला लेकीकडे राहायला गेल्या तेव्हा आई अख्ख्या गॅलरीला ऐकू जाईल असं म्हणाली होती, "जावयाच्या दारात म्हातारपण काढूचा? तेच्यापेक्षा शिवडीच्या चिखलात जाऊन बसान." आता या बाईला काय विचारणार? तरी ठरवलं, चार दिवसांत तिला सांगायचंच. तिथल्या शांततेत सांगू. घरी सांगितलं असतं तर आधी शेजारणीला कळलं असतं, मग आईला.

शुक्रवार

घाटाच्या पायथ्याशी वळून गाडी एका मोठ्या फाटकातून आत गेली आणि मुंबईचा आवाज कानातून निघून गेला. कुणीतरी आमच्या हातात गार, सुगंधी रुमाल दिले. आईनं तोंड पुसलं, रुमालाची व्यवस्थित घडी केली आणि पर्समध्ये टाकायला लागली. मी डोळे वटारले तेव्हा परत केला, पण नाराजीनं.

पुढे विजेवरची छोटी गाडी. तिला आवाजच नाही. आपण चाललोय की आजूबाजूचं गवत मागे चाललंय ते कळेना. आणि काय ते गवत! टेकड्यांच्या अंगावर लाटा आल्यासारखं वरखाली पसरलेलं, कुठं पिवळं पान नाही, कुठं कागदाचा कपटा नाही. मार्गशीर्षातली दुपार होती, ऊन मऊ होतं. मधूनच एखादं तळं चमकायचं. असं हिरवं मी फक्त झोपेत पाहिलं असेन.

आई गाडीतून वाकून बघत होती. मग म्हणाली, "एवढा गवात, आणि एक पण गोरू नाय?"

गाडी चालवणारे गृहस्थ हसले. ते काळूराम. पंचावन्नच्या आसपासचे, जवळच्याच वाडीतले. मूळचं त्यांचं काम गवताची देखभाल, पण माणूस कमी असला की गाडीही चालवायचे. "गोरू आलं तर माझी नोकरी जाईल, मावशी," ते म्हणाले. आई म्हणाली, "मगे खाता कोण ह्या?" कोणी खात नाही, हे ऐकून तिला फार वाईट वाटलं.

खोलीचं काय सांगू? आमच्या घरापेक्षा नुसतं न्हाणीघर मोठं. पलंगावर पांढऱ्या टॉवेलांचे दोन हंस करून ठेवलेले. आईनं सांगितलं, कुणीतरी एवढ्या मायेनं केलंय ते मोडायचं नाही. त्यामुळे चार दिवस आम्ही दोघींनी घरून नेलेल्या एकाच पंच्यानं भागवलं, आणि रात्री हंसांना उचलून खुर्चीत बसवलं. पडदे बटणावर उघडायचे. आईला ते बटण दिवा वाटलं, तिनं दाबलं, आणि समोरची अख्खी भिंत हळूहळू बाजूला सरकून टेकड्या आत आल्या. ती दोन पावलं मागे सरली. "अरे देवा," एवढंच म्हणाली.

खोलीला सज्जा होता. तिथून खाली एक गोल जागा दिसायची, बाकीच्या गवताहूनही बारीक कापलेली. मधोमध काठी, काठीवर लाल झेंडा, झेंड्यावर सात आकडा; मैदान लहान, हाच शेवटचा झेंडा. आई तिथं खुर्ची टाकून बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. मी चहा घेऊन गेले तर म्हणाली, "हयसर जागेवाल्याचा थळ आसा."

जागेवाला म्हणजे राखणदार. आमच्याकडे प्रत्येक जमिनीला, विहिरीला, वेशीला एक राखणदार असतो, आणि त्याची बसायची जागा म्हणजे थळ. मी म्हटलं, "आई, तो गोल्फचा झेंडा आहे. तिथं भोक असतं. त्यात चेंडू घालायचा."

"माका शिकव नको. मी दुपारपासून बघतंय." मग तिनं बोटांवर मोजत सांगितलं. माणसं लांबून चालत येतात. इथं आली की बोलणं बंद करतात. झेंड्याभोवती मान खाली घालून उभी राहतात. एकजण वाकून भोकात हात घालतो. मग सगळे एकमेकांचे हात हातात घेतात, टोप्या काढतात आणि निघून जातात. "ह्येका तू खेळ म्हणतस?"

मी खाली पाहिलं. तेवढ्यात चौघे आलेच. गप्प झाले, मान खाली घालून उभे राहिले, एकजण वाकला, टोप्या निघाल्या. मी चहाचा कप तिच्या हातात दिला.

"बरं, खेळ तर खेळ," आई चहा पीत म्हणाली. "खेळाच्या जाग्याक पण राखणदार लागता."

शनिवार

पहाटे जाग आली तर बाहेर जगच नव्हतं. पांढरं धुकं सज्ज्याच्या कठड्यापर्यंत आलेलं, आणि त्यात फक्त लाल झेंड्याचा शेंडा तरंगत होता. मी शाल लपेटून उभी राहिले. लांब कुठंतरी टक् असा आवाज व्हायचा, मग शांतता. कुणीतरी दिसत नसलेल्या जागेकडे चेंडू मारत होतं. मला विद्याधरांची फार आठवण आली. त्यांना आवडलं असतं इथं. ते काही बोलले नसते, नुसते शेजारी उभे राहिले असते.

मागं वळले तर पलंगावर आई नाही.

झालं होतं ते असं. आई पहाटे उठून दार उघडून बाहेर गेली, चाळीत गॅलरीत जाते तशी, आणि मागे दार आपणहून बंद झालं. आमच्याकडे दार दिवसभर उघडं असतं, बंद दिसलं तर लोक विचारायला येतात. त्यामुळे दार ठोठावायची तिला सवयच नाही. "झोपलेल्या माणसाक कित्याक उठवा?" म्हणून तशीच पायऱ्या उतरली, आणि मला सापडली ती थेट स्वयंपाकघराच्या मागल्या ओट्यावर, तिथल्या बायकांबरोबर मटार सोलत. दोन बायकांची माहेरं, सासरं, पोरांची शिक्षणं तिला तोपर्यंत पाठ झाली होती.

"आई, आपण इथं पाहुणे आहोत!"

"मगे? पावण्यान हात बांधून बसाचा?"

मी चिडले, आणि चिडल्यावर नेहमीप्रमाणे मला लाज वाटली. मग मीही अर्धी टोपली सोलली.

दुपारी तळ्यावर गेलो. तिथं होड्या होत्या, पिवळ्या, प्लास्टिकच्या, दोन माणसं पुढेमागे बसतील अशा. देखरेख करणाऱ्यानं आईला साडीवरून केशरी जाकीट घातलं आणि मला म्हणाला, "मॅडम, मम्मीना पुढे बसवा, वल्हं तुम्ही मारा." मी वल्हं मारलं. होडी गोल फिरली. पुन्हा मारलं. पुन्हा गोल. तिसऱ्या फेरीला आई म्हणाली, "दी हकडे."

तिचं माहेर देवबागचं, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. लहानपणी ती शाळेला होडीनं जायची हे मी ऐकून होते, पण ऐकणं वेगळं. तिनं वल्हं हातात तोललं, "हेका वजनच नाय" म्हणून नाक मुरडलं, आणि होडी सरळ निघाली. पाणी फुटल्याचा आवाजही नाही. काठावरचा माणूस हात हलवून ओरडत होता, मग तोही थांबला आणि बघत राहिला.

तळ्याच्या मधोमध तिनं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. पाण्यात टेकड्या उलट्या दिसत होत्या. एक खंड्या निळी रेघ ओढून गेला. मला तिची पाठ दिसत होती, मानेवरचा पांढरा अंबाडा, जाकिटातून निघालेले काटकुळे हात. वाटलं, आत्ता. आत्ता सांगायचं. तिचा चेहराही दिसत नाही, बरंच आहे.

"आई."

"काय गो?"

"काही नाही. छान वाटतंय."

"व्हय तर," ती म्हणाली. स्वतःचा इतका राग आला की विचारू नका. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, कॉलेजातली टगी पोरं माझ्या एका नजरेनं गप्प बसतात, आणि आईच्या पाठीशी बोलायची हिंमत नाही.

रविवार

सकाळी गोल्फचा धडा झाला. तो कसा झाला ते वर सांगितलंच आहे. शिकवणाऱ्या बाई फार सभ्य होत्या, म्हणाल्या, "फर्स्ट टाइमला होतं असं." काळूराम मात्र उडालेलं गवत उचलून, खड्ड्यात नीट बसवून, पायानं दाबत म्हणाले, "ताई, तुम्ही सायकल चालवा." म्हणून मी सायकल चालवली. झाडाखालच्या वाटेवर उन्हाचे ठिपके, समोरून येणारा गार वारा. तासभर मी कुणाची मुलगी नव्हते, कुणाची काहीच नव्हते.

जेवायला कोकणी थाळी होती. आईनं सोलकढीचा एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. मला पुढचं कळलं. मी म्हणाले, "आई, बस खाली." पण ती उठलीच. मुख्य आचारी उंच पांढरी टोपी घालून उभे होते. आई त्यांच्या कमरेपर्यंत. तिनं त्यांना विचारलं, नारळ कधी फोडलात? ते म्हणाले, "आजी, पावडर असते." आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू घरात कुणी गेलंय. संध्याकाळी खास आमच्या टेबलावर ताज्या नारळाची सोलकढी आली, आचारी स्वतः घेऊन आले आणि पसंतीची वाट बघत उभे राहिले. "आता बरी," आई म्हणाली. त्यांचा चेहरा उजळला.

मधली दुपार आम्ही दोन झाडांना बांधलेल्या झोळ्यांत काढली. आई झोळीत पडली ती लगेच झोपली. तोंड थोडं उघडं, हात पोटावर. तिच्या अंगावर पानांच्या सावल्या हलत होत्या. मी बघत बसले. सव्विसाव्या वर्षी माझं लग्न ठरलं होतं. बाबांना अर्धांग झालं आणि मी ते मोडलं. बाबा अकरा वर्षं अंथरुणावर होते. ते गेल्यावर भाऊ कल्याणला गेला, त्याच्या घरी त्याचीच जागा अपुरी. राहिलो आम्ही दोघी. मी संध्याकाळी घरी पोचते तेव्हा ती गॅलरीत उभी असते, मी वळणावर दिसले की आत जाऊन चहा ठेवते. मी गेले तर ती कुणासाठी उभी राहील? त्या झोळीत पडल्यापडल्या मी विद्याधरांना मनातल्या मनात नाही म्हणून टाकलं. रडले थोडीशी. वरची पानं पाण्यातून दिसल्यासारखी दिसायला लागली. आई उठली तेव्हा म्हटलं, डोळ्यात कचरा गेला.

सोमवार

निघायचा दिवस. सकाळी आई आंघोळ करून, नवी साडी नेसून तयार. तीच, जिच्या कुपनावर बक्षीस लागलं. "चल," म्हणाली, "जागेवाल्याक सांगून येवया."

तिच्या हातात नारळ होता. शेंडीसकट. आचाऱ्यांनी आनंदानं दिला म्हणे.

मी समजावलं, विनवलं, शेवटी दटावलं. उपयोग नाही. धुकं अजून पूर्ण उठलं नव्हतं. ओल्या गवतावरून ती अनवाणी निघाली, चपला वाटेवर काढून ठेवल्या होत्या, आणि मलाही काढायला लावल्या. सातव्या झेंड्यापाशी काळूराम पाणी मारत होते. त्यांनी नारळ पाहिला, आईचे अनवाणी पाय पाहिले, आणि पाणी बंद केलं. "फोडू नका मावशी, एवढंच बघा," ते हळूच म्हणाले. "गवत नाजूक हाये."

"फोडूचो नाय. ठेवतलंय," आई म्हणाली. तिनं नारळ झेंड्याच्या मुळाशी ठेवला, शेंडी वर करून. मग मला म्हणाली, "हात जोड."

ज्यांचं गाव कोकणात नाही त्यांच्यासाठी सांगते. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्यानं केलेलं बोलणं. एकानं मागणं मांडायचं आणि दर मागण्याला बाकीच्यांनी होकार द्यायचा, "व्हय म्हाराजा!" होकार आला नाही तर गाऱ्हाणं तिथंच अडतं. हे खरं पुरुषांचं काम. पण बाबा गेल्यापासून आमच्याकडे आईच घालते, आणि होकार द्यायला मी एकटी.

"बा जागेवाल्या म्हाराजा!" आईचा आवाज त्या उघड्यावर असा खणखणला की झाडावरचे बगळे उठले. "आज आमी मायलेकी तुझ्या वेशीत येऊन चार दिस रवलंव. तुझा गवात तुडवलंव, तुझ्या पाण्यात होडी घातलंव. काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी पुटपुटले.

"मोठ्यान."

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो काळूराम तुजी चाकरी करता. तेका आणि तेच्या पोराबाळांका सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी काळूरामही म्हणाले. टोपी काढून हातात धरली होती त्यांनी.

तेवढ्यात धुक्यातून चौघेजण उगवले. पांढरे बूट, हातमोजे, मागे काठ्यांच्या पिशव्या. लांब थबकले. एकानं हात वर करून विचारलं, "एनी प्रॉब्लेम?" काळूराम ओरडले, "पूजा चालू आहे साहेब! पाच मिनटं!" चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग, काय वाटलं कुणास ठाऊक, टोप्या काढून तिथंच उभे राहिले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

आईनं त्यांच्याकडे वळून पाहिलं. "त्या चौघांचो चेंडू पयल्या फटक्यात बिळात जावंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मला हसू यायला लागलं होतं.

मग तिनं माझ्या दंडाला धरून मला पुढे ओढलं.

"ह्या माजा चेडू, माजी लेक. बापाशीच्या आजारपणात हेना आपला लगीन मोडल्यान. मगे माका सांभाळूक रवला. कधी एका शब्दान बोलाक नाय." तिचा आवाज जरा हलला, पण थांबला नाही. "गिरगावातलो एक बरो माणूस हेची पाच वर्सां वाट बघता. तेका आता ताटकळत ठेव नको. माज्या चेडवाक माज्यातसून मोकळा कर, आणि तेच्या घराक लाव रे म्हाराजा!"

मी उभीच. पायाखालचं ओलं गवत थंड लागत होतं. हिला कसं माहीत? कोणी सांगितलं?

"आई," मी म्हणाले, "तू एकटी कशी..."

"देवासमोर माज्याशी बोला नको. देवाक उत्तर दी."

सगळे माझ्याकडे बघत होते. काळूराम, ते चौघे, आणि आई बघतेय असं मला न बघताही कळत होतं. आणि मग मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. आईला सोडवत नाही, आईला सोडवत नाही, असं मी वीस वर्षं म्हणत आले. खरं तर मी घाबरत होते. परक्या घरात, परक्या माणसाजवळ, या वयात पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला मी घाबरत होते, आणि आईच्या पदराआड लपले होते. तिनं तो पदर आत्ता सगळ्यांसमोर काढून घेतला होता.

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले. आवाज फुटला नाही.

आई हात जोडून तशीच उभी. होकार ऐकू आल्याशिवाय ती पुढे जाणार नव्हती.

मी श्वास घेतला. "व्हय म्हाराजा!"

टेकडीवरून तो आवाज परत आला. आईनं डोळे मिटून नमस्कार केला, पदरानं तोंड पुसलं, आणि त्या चौघांना म्हणाली, "खेळा हो आता. खेळा."

आम्ही वाटेवरच्या बाकावर बसलो, चपला घालायला. मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"सांगूक कित्याक होया? लायब्ररी शनिवारी अर्धो दिस. पाच वर्सां तू साताक घरी येतस, आणि चपलेत चौपाटीची रेव. शेजारणीन तुमका दोघांका थय बघल्यान पण, म्हणाली, माणूस बरो दिसता." ती चपलेचा पट्टा लावत होती. "मी म्हटलंय, आज सांगात, उद्या सांगात. काल झोळयेत रडलंस, तेवा म्हटलंय, ह्या काय सांगाचा नाय."

"आणि तू? आमच्याकडे येशील?"

"चायेक येतलंय. रवाक नाय."

"मग एकटी राहशील?"

"एकटी?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. "बाये, चाळीत दुपारचा दार लावलंय तर तीन बायका बघूक येतत. थय एकटा मरूक पण कोण देवचो नाय." मग जरा थांबून, दुसरीकडे बघत म्हणाली, "सांजच्याक वायच कठीण जायत. जाऊंदे. सवय होतली." मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला, थोडा वेळ. मग सोडवून घेतला आणि माझी पर्स माझ्या मांडीवर ठेवली.

"फोन लाव. आत्ता, माज्यासमोर."

"नंतर लावते ना, घरी जाऊन."

"नंदा."

मी फोन लावला. आई तोंड फिरवून गवताकडे बघत बसली, ऐकत नसल्याचं सोंग करून. धुकं उठलं होतं, सगळी टेकडी उन्हात आली होती. दोन रिंग झाल्या.

"नंदा? निघालात का?" त्यांचा आवाज नेहमीसारखा, शांत. पण त्या शांतपणात त्यांनी काय धरून ठेवलंय ते मला ऐकू आलं.

"नाही. अजून इथंच आहोत."

"मग?"

पाच वर्षं मी या माणसाशी स्वच्छ, पुस्तकी मराठी बोलत आले होते. घरातली भाषा मी कधी चर्नी रोडच्या पलीकडे नेली नव्हती, लाज वाटायची म्हणा हवं तर. या क्षणासाठी वाक्यंही तयार होती माझ्याकडे, किती वर्षं घासूनपुसून ठेवलेली. त्यातलं एक आठवेना. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"व्हय," मी म्हणाले.

"काय?"

"व्हय. व्हय म्हणतंय मी."

गणपतीतली गाऱ्हाणी गिरगावातही होतात, हे मी विसरलेच होते. मग तो गिरगावचा माणूस घसा खाकरून, एकेक अक्षर जपत म्हणाला, "म्हाराजा."